पोर्टा केबिनमध्ये पाच फुटी फिश टँक: अंबड-सातपूरला बनवून घ्यायचा लोखंडी स्टँड कितपत भरवशाचा?

आधी निकाल सांगतो. पोर्टा केबिनमध्ये, म्हणजे लोखंडी सांगाड्याच्या, उचलून नेता येणाऱ्या खोलीत, घरी बनवलेली मोठी टाकी ठेवायची असेल, तर नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मापाने करून घेतलेला लोखंडी स्टँड हाच योग्य पर्याय आहे. स्टँडला पाचपैकी चार. पण तो देणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी विचारतं की केबिनच्या फ्लोअरखाली काय आहे, आणि खरा धोका तिथेच असतो. स्टँड नुसता आणून ठेवला तर तेच चार गुण दोनावर येतात.

हिशोब ५ × २ × २ फुटांच्या टाकीचा धरू. १२ मिमी काचेचं वजन साधारण १०५ किलो. काठापासून २ इंच खाली भरलं तरी पाणी ४८० लिटर, म्हणजे ४८० किलो. ५० किलो खडी, ४० किलोचा स्टँड, वर प्लायवुड, फिल्टर, झाकण. एकूण ७०० किलोच्या आसपास, तेही दहा चौरस फुटांवर. राहत्या खोलीच्या फ्लोअरसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो असतो. इथे टाकीखाली तो साडेसातशेच्या घरात जातो. आरसीसी स्लॅब हा जादा भार आजूबाजूला वाटून घेतो. केबिनचं फ्लोअर म्हणजे सहसा पातळ लोखंडी आडव्यांवर टाकलेलं १८ मिमी प्लायवुड किंवा सिमेंट बोर्ड आणि वर व्हिनाइल. ते वाटून घेत नाही, वाकतं.

दुकानात तयार मिळणारे स्टँड इथे बाद. पार्टिकल बोर्डचं कॅबिनेट दिसायला छान असतं, पण पाणी बदलताना सांडलेलं पाणी कडेतून आत शिरलं की बोर्ड फुगतो, आणि एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. बारीक अँगलचे स्टँड तीन फुटी टाकीपर्यंत ठीक. भोकांचे अँगल नट-बोल्टने जोडलेला रॅक तर नकोच: तो उभा भार घेतो, पण बाजूने ढकललं की डुलतो, आणि केबिनमध्ये माणूस चालला तरी फ्लोअर हलतं. सॉलिड ब्लॉकचे खांब आणि वर कडप्पा ही जोडी पक्क्या जमिनीवर उत्तम. केबिनमध्ये मात्र तिने फ्लोअरवरचं ओझं आणखी वाढतं.

फॅब्रिकेशनवाल्याला काय सांगायचं, ते नेमकं लिहून न्या. दीड इंची चौकोनी पाइप, जाडी २.६ मिमी. पाय सहा, चार नव्हे. पाच फुटांच्या अंतरात मधला पाय नसेल तर या पाइपला हिशोबाने १० मिमीच्या आसपास झोळ येतो; मधे पाय दिला की अंतर निम्मं होतं आणि वाकणं सोळापट कमी. काचेच्या तळाला दहा मिमी झोळ म्हणजे सिलिकॉनचा सांधा आज ना उद्या सुटणार. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसलेली हवी, पायांच्या बाजूला वेल्ड करून लटकवलेली नको. नाहीतर सगळा भार वेल्डवर येतो. खालीही पूर्ण चौकट घ्या. सुटे पाय व्हिनाइलमध्ये रुततात आणि प्लायवुडवर चौकोनी खड्डा पाडतात.

या कामात दोन चुका हमखास होतात. एक, वेल्डिंगचे शिंतोडे वरच्या चौकटीवर तसेच राहतात. ग्राइंडर फिरवून घेतल्याशिवाय स्टँड उचलू नका. दुसरी जास्त महत्त्वाची: वेल्डच्या उष्णतेने चौकटीला पीळ बसतो. तो डोळ्याला दिसत नाही. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोरे कर्णाने घट्ट ताणा. मधे दोरे एकमेकांना जेमतेम टेकले तर चौकट सरळ. फट दिसली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर पीळ आहे. दोऱ्यांची खालीवर अदलाबदल करूनही बघा. टाकी थोडी कलली तर काच ते सहन करते, पीळ सहन करत नाही. हे तिथेच, रंग लावण्याआधी तपासा. वर १८ मिमी वॉटरप्रूफ प्लायवुड आणि त्यावर अर्धा इंच थर्माकोल. थर्माकोल बारीक खडा सांभाळून घेतो, पीळ किंवा झोळ भरून काढत नाही. दर सहसा किलोवर ठरतो, म्हणून स्टँड वजन करूनच घ्या. चाळीस किलोपेक्षा बराच हलका भरला तर पाइप पातळ वापरला आहे.

आता फ्लोअर. लोखंडी आडवे बहुतेक केबिनच्या रुंदीत असतात. ते शोधायला साधं चुंबक पुरतं: व्हिनाइलवरून सावकाश फिरवलं की स्क्रूंच्या ओळीवर ते अडतं. टाकी लांबीच्या भिंतीला समांतर ठेवा, म्हणजे दोन-तीन आडवे तिच्याखाली येतील, आणि मधले पाय बरोबर एका आडव्यावर येऊ द्या. सहा पायांत भार सारखा वाटला जात नाही; मधला पाय कोपऱ्यातल्या पायाच्या तिपटीहून जास्त घेतो. मागचे पाय भिंतीलगतच्या मुख्य चॅनलपाशी (C आकाराच्या लोखंडी तुळईपाशी) असल्याने तगतात, पुढच्या पायांखाली मात्र पोकळीच असते. म्हणून केबिनमधल्या टाक्या कलतात त्या नेहमी खोलीकडे.

उपाय केबिनखाली शिरून करायचा आहे. पुढच्या पायांच्या रेषेत, आडव्यांच्या खाली, पाच फुटांचं ७५ मिमीचं चॅनल लावा आणि त्याला तीन ठिकाणी सेंटरिंगच्या कामात वापरतात तसे स्क्रू जॅक द्या, एक बरोबर मधल्या पायाखाली. प्रत्येक जॅकखाली ६ मिमीची लोखंडी प्लेट आणि दीड बाय दीड फुटाचं, सहा इंच जाडीचं १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. मागच्या मुख्य चॅनलखाली टाकीच्या जवळपास टेकू नसेल तर तिथे चौथा. जॅक हाताने घट्ट करा, मग पान्याने अर्धा फेरा, बस. केबिनचा दरवाजा चौकटीला घासायला लागला तर समजा जास्त उचललं, मागे फिरवा.

काँक्रीट काळ्या मातीवर थेट टाकू नका. आपल्याकडच्या मळ्यांतली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसते. तीन टेकू तीन वेगळ्या मापांनी हलले की टाकीला पीळ बसतो, आणि स्टँड कितीही चांगला असला तरी तो काहीच करू शकत नाही. मुरूम लागेपर्यंत खणा. काळी माती खोल असेल तर निदान दोन-तीन फूट काढून सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरा, पाणी मारून धुमसा. पन्हळीचं पाणी केबिनपासून लांब न्या. आठवड्याच्या पाणीबदलातलं शंभर-सव्वाशे लिटर पाणी फ्लोअरच्या ड्रेनमधून थेट केबिनखाली सोडणं ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. तेच पाणी झाडांना द्या, खत म्हणून उत्तम.

टाकी आधी बाहेर सपाट जागेवर भरून तपासा: सिलिकॉन लावल्यावर सात दिवस थांबायचं, मग तीन दिवस पूर्ण भरून ठेवायची. आत आणल्यावर रोज पाव-पाव भरा आणि दरवेळी चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजा. ३ मिमीपर्यंत फरक चालेल. जास्त दिसला तर पाणी काढून जॅक फिरवा. भरल्या टाकीखाली जॅक फिरवायचा नाही. पुढची मोजणी जुलैत आणि मे महिन्यात.

स्टँड भिंतीला बांधताना पफ पॅनेलच्या (दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंतीच्या) पत्र्यात स्क्रू मारून उपयोग नाही, तो उपटून येतो. क्लॅम्प उभ्या लोखंडी खांबालाच हवा. केबिनचं अंग लोखंडी, त्यामुळे अर्थिंगचा रॉड आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय पंप किंवा हीटर लावू नका.

आणि केबिन क्रेनने हलवायची वेळ आली तर टाकी खडीसकट पूर्ण रिकामी करून, स्टँडवरून उतरवून वेगळी न्या. चार बोटं पाणी ठेवून नेलेली टाकी उचलताना हिंदकळते आणि तळाचा सांधा तिथेच उघडतो.