फायब्रोस्कॅन की एमआरआय : सोलापुरातून पुण्याला निघण्याआधी

सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड २’ दिसलं की घरात पुण्याच्या एमआरआयची भाषा सुरू होते. जरा थांबा. तो ग्रेड चरबीचा आहे. यकृत किती कडक झालंय, म्हणजे फायब्रोसिस किती, हे त्यातून कळत नाही. आणि खरी काळजी त्याचीच.

आधी जुने रक्ताचे रिपोर्ट काढा आणि फिब-४ हा फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा मोजा (एसजीओटी, एसजीपीटी म्हणजे रिपोर्टातल्या यकृताच्या चाचण्या): वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं भागायचं. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स १ लाख ९० हजार असतील तर उत्तर येतं १.६४. ते १.३ च्या खाली असतं तर मोठा फायब्रोसिस बहुधा नसतो. २.६७ च्या वर गेलं तर सरळ लिव्हरचे डॉक्टर गाठा. मधल्यांनी फायब्रोस्कॅन करावा.

फायब्रोस्कॅन म्हणजे यकृताचा कडकपणा मोजायला बरगड्यांमधून दिलेल्या टिचक्या. निदान दहा मोजमापं, दहाएक मिनिटांचं काम. आकडा ८ किलोपास्कलच्या (कडकपणाचं एकक) खाली आला तर बहुतेकांचा प्रश्न तिथंच मिटतो. पण अंगानं जाड माणसात आकडा डळमळतो, पोटात पाणी असेल तर येतच नाही.

एमआर इलास्टोग्राफी, म्हणजे एमआरआय यंत्रावर कडकपणा मोजणं, तिथं उपयोगी पडते. बरगडीवर थरथरणारी चकती बांधतात आणि यकृताचा बराच मोठा भाग मोजतात. त्याच वेळी चरबीची टक्केवारीही मिळते. ५ च्या वर ती जास्त धरतात. सहा महिने वजन उतरवून चरबी १८ वरून ११ वर आली का, हे पाहायला याहून भरवशाचं साधन नाही. पेसमेकर, बंद बोगद्याची धास्ती आणि खर्च या अडचणी आहेतच. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या यकृतात लोह साठलं असेल तर चित्र काळंच येऊ शकतं. आणि साध्या एमआरआयला ही चकती नसते, तेव्हा निघण्याआधी फोन करून ‘इलास्टोग्राफी होते का’ हे विचारा.

फसगत होते ती एककात. दोन्ही रिपोर्टांवर किलोपास्कलच लिहिलेलं असतं, पण फायब्रोस्कॅनचं परिमाण एमआरआयच्या साधारण तिप्पट असतं. यंदा फायब्रोस्कॅन ७, पुढच्या वर्षी एमआरआय ३.८, म्हणून पेढे वाटू नका, तो ३.८ चिंतेचा आहे. दरवर्षी एकाच यंत्रावर मोजा.

दोन्हीला तीन-चार तास पोट रिकामं लागतं, जेवणानं आकडा फुगतो. हुतात्मा एक्सप्रेसनं निघालात तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी परतीच्या प्रवासाला ठेवा.