पाचवीनंतर कुठे: चार्टर मिडल स्कूल की झोनमधली पब्लिक शाळा?

अमेरिकेत मूल पाचवीत गेलं की मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. घराच्या पत्त्यावर जी मिडल स्कूल मिळते तिथेच सहावीला पाठवायचं, की चार्टरच्या लॉटरीत नाव घालायचं? बहुतेक पालक सुरुवात करतात ती वेबसाइटवरच्या दहापैकी रेटिंगपासून. त्या आकड्यात शाळा किती शिकवते यापेक्षा मुलं कोणत्या घरांतून येतात हे जास्त उतरतं. त्यामुळे दोन शाळांचं रेटिंग शेजारी ठेवून फारसं काही ठरत नाही. सहावी ते आठवीचं गणित कोणत्या वाटेने जातं, मूल रोज जाणार-येणार कसं आणि नववीला ते कुठे पोचणार, हे तीन मुद्दे आधी बघा.

दोन्ही सरकारी पैशावर, कारभार वेगळा

चार्टर शाळा खाजगी नसते. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, खर्च करातून. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी काढतात. नेहमीची पब्लिक शाळा स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या), बहुतेक ठिकाणी निवडून आलेल्या, बोर्डाखाली चालते. चार्टरचं स्वतःचं बोर्ड असतं आणि ते राज्याने नेमलेल्या यंत्रणेशी ठरावीक मुदतीचा करार करतं. असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटाने केला. करारातली उद्दिष्टं पाळली नाहीत तर मुदत वाढवून मिळत नाही आणि शाळा बंद होते. न्यू जर्सीत पहिला करार ४ वर्षांचा आणि नंतरचे ५-५ वर्षांचे असतात. ॲरिझोनात एकदम १५ वर्षांचा. तुमचं मूल सातवीत असताना करार संपणार असेल, तर मागच्या खेपेला मुदतवाढ देताना काय अटी घातल्या होत्या ते लेखी मागा.

शिक्षकांबाबत राज्याराज्यांत फरक आहे. न्यू जर्सीत चार्टरच्या शिक्षकांनाही राज्याचं प्रमाणपत्र लागतं. ॲरिझोनात चार्टरला ती सक्ती नाही. म्हणून तिथे थेट विचारायचं: सातवीचं विज्ञान कोण शिकवतं, किती वर्षं शिकवतं, आणि गेल्या वर्षीच्या शिक्षकांपैकी किती जण यंदा परत आले? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण दरवर्षी निम्मे शिक्षक बदलणाऱ्या शाळेत अभ्यासक्रम कितीही देखणा असला तरी तो राबवायला माणसं टिकत नाहीत.

आधी गणित

बारावीला कॅल्क्युलस हवं असेल तर हिशेब उलटा मांडावा लागतो: अकरावीला प्रीकॅल्क्युलस, दहावीला अल्जेब्रा टू, नववीला जॉमेट्री, म्हणजे आठवीला अल्जेब्रा वन. ही पायरी आठवीत चुकली तर पुढे उन्हाळी वर्ग घेऊन किंवा एका वर्षात दोन विषय करून ती भरून काढावी लागते. तेव्हा दोन्ही शाळांना पहिला प्रश्न हाच: आठवीत अल्जेब्रा वन कोणाला मिळतं, आणि ते कधी ठरतं?

मोठ्या पब्लिक मिडल स्कूलमध्ये गणिताचे सहसा दोन-तीन स्तर असतात आणि मुलाचा स्तर पाचवीच्या वसंतातच ठरतो. प्लेसमेंट टेस्ट, राज्याच्या परीक्षेतले गुण आणि शिक्षकांचा शेरा हे सगळं त्यात धरतात. टेक्सासमध्ये २०२३ च्या कायद्याने पाचवीच्या राज्य परीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलांना सहावीच्या प्रगत गणितात आपोआप घालायचं असतं. इतर बऱ्याच ठिकाणी पालकांना मागे लागावं लागतं.

भारतातून नुकतीच आलेली मुलं इथे नेमकी अडकतात. आकडेमोड त्यांची पक्की असते, पण पेपरात प्रश्न असा येतो: साडेतीन कप पिठात बारा मफिन होतात, तर तीस मफिनला किती पीठ लागेल, आणि तू हे कसं काढलंस ते शब्दांत लिही. मूल पावणेनऊ हे उत्तर बरोबर लिहितं आणि खालच्या चार ओळी कोऱ्या सोडतं. त्या ओळींना गुण असतात. इंच-फूट आणि डाइम-क्वार्टर या नाण्यांचाही सराव नसतो. मग मूल साध्या वर्गात जातं आणि तिथेच राहतं. शाळा सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये पुन्हा चाचणी घ्या, अशी लेखी विनंती करा. बऱ्याच ठिकाणी ती मान्य होते, पण मागितल्याशिवाय कोणी स्वतःहून घेत नाही.

चार्टरमध्ये एका इयत्तेत सहसा मुलं कमी असतात. एका इयत्तेत साठ ते शंभर मुलं असली तर तीन-चार तुकड्या होतात, आणि गणित अनेकदा सगळ्यांना एकच. सगळेच आठवीत अल्जेब्रा करतात किंवा कोणीच करत नाही. पहिल्या प्रकारच्या शाळेत तयार मूल सुखात असतं, पण गडबडलेल्या मुलाला सोप्या तुकडीत बसवता येत नाही, कारण ती नसतेच. उलट, मूल फार पुढे असेल आणि आठवीतच जॉमेट्री हवी असेल, तर मोठा डिस्ट्रिक्ट त्याला सकाळच्या तासाला हायस्कूलमध्ये पाठवू शकतो किंवा ऑनलाइन सोय करतो. छोट्या चार्टरला ते क्वचितच जमतं.

शिवाय ‘चार्टर’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या शाळा आहेत. १९९४ मध्ये ह्यूस्टनला सुरू झालेल्या ‘किप’ या शाळांच्या साखळीचा मूळ नमुना मागे पडलेल्या मुलांसाठी होता: पाचवीपासून सुरुवात, लांब दिवस, कडक शिस्त. १९९८ मध्ये टूसॉनला सुरू झालेल्या ‘बेसिस’मध्ये सहावीपासून जीवशास्त्र, रसायन आणि भौतिक हे वेगळे विषय असतात आणि वर्षअखेरच्या परीक्षांना मोठं वजन असतं. दोघांच्या हस्तपुस्तिका शेजारी ठेवून वाचल्या तर या दोन शाळा एकाच प्रकारात मोडतात यावर विश्वास बसणार नाही. म्हणून निवड त्या एका शाळेची करायची, प्रकाराची नाही.

अभ्यास काय सांगतात

नेमक्या याच प्रश्नावर अमेरिकी शिक्षण खात्यासाठी केलेला मोठा अभ्यास २०१० मध्ये आला. त्यात १५ राज्यांतल्या ३६ चार्टर मिडल स्कूल होत्या आणि लॉटरीत जागा मिळालेल्या मुलांची तुलना न मिळालेल्यांशी केली होती. सरासरी फरक शून्याच्या आसपास निघाला. मात्र कमी उत्पन्नाच्या आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या शाळांत गणिताला फायदा दिसला, तर सुस्थितीतल्या मुलांच्या चार्टरमध्ये गणिताचे गुण उलट घसरले. बॉस्टनच्या लॉटरीवरच्या अभ्यासांतही शहरी मिडल स्कूल चार्टरचा गणितातला फायदा मोठा दिसला. स्टॅनफर्डच्या ‘क्रेडो’ केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चार्टरची मुलं पब्लिक शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा सरासरीने वाचनात १६ आणि गणितात ६ शालेय दिवस पुढे होती, पण ऑनलाइन चार्टरची मुलं गणितात तब्बल १२४ दिवस मागे.

आपल्यापैकी बरेच जण एडिसन, प्लेन्सबरो, फ्रिस्को किंवा क्युपर्टिनो यांसारख्या उपनगरांत राहतात. तिथली झोनची शाळा मुळात भक्कम असते, त्यामुळे ती सोडायला ठोस कारण हवं: मूल हजार जणांच्या शाळेत हरवतंय, किंवा त्या चार्टरमध्ये असं काही आहे जे इथे मिळतच नाही. नेवार्कसारख्या शहरात भाड्याने राहत असाल आणि झोनची शाळा कमकुवत असेल, तर चांगल्या चार्टरच्या लॉटरीत नाव न घालणं हेच नुकसान. ऑनलाइन चार्टरचा विचार वैद्यकीय कारणाशिवाय करू नये.

रोजचं जाणं-येणं

न्यू जर्सीत तुमच्याच डिस्ट्रिक्टमधल्या चार्टरला जाणाऱ्या मुलाच्या बसची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर असते. आठवीपर्यंत दोन मैलांपेक्षा जास्त अंतर असेल तर बस, आणि खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर बसऐवजी पैसे. ॲरिझोनात आणि टेक्सासात असं बंधन नाही. तिथे सव्वातीनला गाडीच्या रांगेत अर्धा-पाऊण तास उभं राहणारं कोणीतरी घरात हवं, नाहीतर कारपूल किंवा शाळेनंतरच्या सोयीचे पैसे मोजावे लागतात. दोघं नोकरी करणारी जोडपी यावरच सगळ्यात आधी थकतात.

बँड, ऑर्केस्ट्रा आणि खेळांचे संघ मोठ्या शाळेत जास्त. व्हायोलिन वाजवणारं किंवा तबल्याकडून ड्रमकडे वळलेलं मूल असेल तर हा फरक जाणवतो. काही चार्टरचे शनिवारचे वर्गही असतात. वीकेंडची मराठी शाळा त्याच दिवशी असेल तर आधीच बघून घ्या.

खास गरजा आणि घरची भाषा

खास शिक्षणाचा केंद्रीय कायदा चार्टरलाही लागू आहे. ‘आमच्याकडे ती सोय नाही’ असं म्हणून ती मुलाला परत पाठवू शकत नाही. तरीही ‘स्पेशल एज्युकेशन आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. आयईपीत (मुलाच्या खास शिक्षणाच्या लेखी आराखड्यात) आठवड्याला दोनदा ३० मिनिटं स्पीच थेरपी लिहिली असेल, तर ती थेरपिस्ट कोण, कोणत्या वारी येते, ती रजेवर असली तर कोण, हे विचारा. छोट्या शाळांत एकच व्यक्ती दोन-तीन इमारती सांभाळते आणि तास बुडतात.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म येतो. मराठी लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते. घाबरून खोटं ‘इंग्लिश’ लिहू नका. मूल चाचणीत पास झालं की विषय तिथेच संपतो. नापास झालं तर मदत मिळते. ती मदत पालक नाकारू शकतात, पण वर्षाची इंग्रजी चाचणी तरीही द्यावी लागते.

प्रवेश आणि तारखा

डिस्ट्रिक्ट मुलाला वर्षाच्या कोणत्याही दिवशी घ्यायला बांधील आहे, सहसा झोनच्याच शाळेत. लीज, वीज-गॅसचं बिल, जन्मदाखला किंवा पासपोर्ट आणि लसीकरणाची नोंद लागते. व्हिसाच्या स्थितीवरून प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवलं. लसींमध्ये न्यू जर्सीत सहावीला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकोकल (मेंदूज्वर), टेक्सासमध्ये याच दोन्ही सातवीला, कॅलिफोर्नियात टीडॅप सातवीला. क्षयाची तपासणी मागितली तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची घ्या, कारण लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

चार्टरला तारीख असते: न्यूयॉर्क शहरात १ एप्रिल, इतरत्र बरेचदा जानेवारी ते मार्च. भावंडांना आणि न्यू जर्सीत स्थानिक रहिवाशांना आधी जागा मिळते. शाळा कोणत्या इयत्तेपासून सुरू होते ते बघा. ती सहावीपासून सुरू होत असेल तर पूर्ण तुकडीच्या जागा निघतात. बालवाडी ते आठवी असेल तर फक्त सोडून गेलेल्या मुलांच्या. काही शाळा सातवी-आठवीत रिकाम्या जागा भरतच नाहीत. जागा मिळाल्याचा ईमेल आला की होकार द्यायला मोजकेच दिवस असतात, तेव्हा स्पॅम फोल्डर रोज बघा.

नववीला काय

आठवीला संपणाऱ्या चार्टरमधून मूल पुन्हा झोनच्या हायस्कूलमध्येच येतं, तेही ओळखीचं कोणी नसताना. त्या हायस्कूलच्या काउन्सेलरला आत्ताच विचारा: या चार्टरमधलं आठवीचं अल्जेब्रा वन तुम्ही ग्राह्य धरता, की पुन्हा चाचणी घेता? बारावीपर्यंत चालणारी चार्टर असेल तर तिचे पटाचे आकडे राज्याच्या वेबसाइटवर बघा. सहावीत नव्वद आणि बारावीत पस्तीस मुलं असतील, तर मधली मुलं का गेली याचं उत्तर प्रवेश मेळाव्यात मुख्याध्यापकांकडून घ्या.

चार्टरची जागा घ्यायची ठरली तरी डिस्ट्रिक्टमधून नाव लगेच काढू नका. आधी चार्टरकडून लेखी नोंदणी, बसचा अर्ज आणि गणिताचा स्तर कळू द्या. आयईपी, परीक्षांचे निकाल आणि लसीकरण यांच्या प्रती स्वतःकडे ठेवा, कारण मुलाची कागदपत्रं एका शाळेतून दुसरीकडे जायला सप्टेंबर उलटू शकतो. सप्टेंबरात मूल तिथे रमलं नाही तर डिस्ट्रिक्टला त्याला परत घ्यावंच लागतं, पण प्रगत गणिताच्या तुकडीतली जागा तोवर रिकामी राहीलच असं नाही. म्हणून उन्हाळ्यातच डिस्ट्रिक्टची प्लेसमेंट टेस्ट देऊन निकाल हातात ठेवा.