ऑफिसला परत बोलावलं म्हणून वकिलाचा सल्ला घेतला, त्याचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

पुण्यातल्या एका कामगार कायद्याच्या वकिलाची ऑनलाइन अपॉइंटमेंट घेतली, पाऊण तासाचे दीड हजार, पैसे आधी भरायचे. कंपनीचा मेल आला होता की आता आठवड्याला चार दिवस हिंजवडीला यायचंच, नाहीतर व्हेरिएबल पे (पगाराचा कामगिरीवर ठरणारा भाग) कापणार, आणि मी तर बायकोपोरांसकट सांगलीला शिफ्ट झालोय, तेही मॅनेजरला सांगून.

साहेबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की घरून काम हा आपल्याकडे कायद्याने दिलेला हक्क नाही, त्या जोरावर भांडायला जाऊ नका. वाईट वाटलं, पण गोड बोलून केस गळ्यात मारणारे बरेच असतात, हे त्यातले नाहीत. मग ऑफर लेटर उघडायला लावलं, माझ्यात लिहिलंय 'पुणे किंवा कंपनी सांगेल तिथे', म्हणजे विषयच संपला. ज्यांच्या पत्रात रिमोट असं स्पष्ट लिहिलंय त्यांची बाजू जरा भक्कम असते म्हणे.

खरी कामाची माहिती पुढे मिळाली. चालत आलेली सवलत काढायची तर कामगाराला 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आता घरून काम त्या सवलतीत बसतं का यावर वाद घालता येतो, पण त्याआधी तुम्ही 'कामगार' ठरता का ते बघावं लागतं. ते पदाच्या नावात मॅनेजर आहे की नाही यावर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात, आणि सुपरवायझरचं काम असेल तर पगार 18 हजारांच्या वर गेला की तुम्ही बाहेर. हिंजवडीत वन बीएचकेचं भाडंच तेवढं आहे हो!

टीममधली एक मैत्रीण पण कॉलवर होती, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच आलेली. तिला सांगितलं की रजेनंतर घरून काम आई आणि कंपनी दोघांच्या संमतीनेच मिळतं, जबरदस्ती नाही करता येत, पण 50 किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघराची सोय द्यावीच लागते आणि आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. आमच्या एचआरने हे कधी तोंडातून काढलं नव्हतं.

बाकी सल्ला साधाच. फोनवर झालेलं सगळं मेलवर आणा, सवलत मागायची तर कारण देऊन लेखी मागा, एकट्याने न मागता टीमने मिळून मागा आणि रागाच्या भरात राजीनामा टाकू नका.

स्टार कापले कारण साहेब वीस मिनिटं उशिरा आले, पावती तीनदा मागावी लागली, आणि नंतर पाठवलेल्या नोटमध्ये दुसऱ्याच कुणाच्या तरी कंपनीचं नाव राहिलं होतं. म्हणजे माझं नाव कुणाकडे गेलंय देव जाणे. बुकिंग करणार असाल तर सकाळचं घ्या, संध्याकाळी कोर्टातून येईपर्यंत ते पार दमलेले असतात.