चेनला काय लावायचं: स्प्रे लूब की ९० नंबरचं गिअर ऑइल?

ज्यांच्याकडे आर १२५० आरटी किंवा एफजेआर १३०० सारखी शाफ्टवाली, म्हणजे चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणारी, मोटरसायकल आहे त्यांनी इथूनच यू-टर्न घ्यावा. बाकी निन्जा १०००एसएक्सवाल्यांपासून डॉमिनारवाल्यांपर्यंत आपण सगळे एकाच होडीत. गाडीचं इतर सगळं सर्व्हिस सेंटरवर ढकलता येतं, चेन ढकलता येत नाही. मॅन्युअल साधारण ५००-६०० किलोमीटरला लूब करा, म्हणजे चेनला वंगण लावा म्हणतं, आणि पुण्याहून मालवणला जाऊन परत यायच्या आतच तो आकडा उलटतो. म्हणजे कुठल्यातरी लॉजच्या अंगणात हे काम आपल्यालाच करायचं असतं. हातात काय असावं, एवढाच प्रश्न.

मी दोन्ही वापरलंय, दोन्ही बरेच दिवस. आधी स्प्रे, आता गिअर ऑइल. तुमच्या बाबतीत उत्तर वेगळं निघू शकतं, तेही पुढे सांगतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण चर्चा इथेच भरकटते. आपल्या गाड्यांच्या चेन ओ-रिंग किंवा एक्स-रिंगच्या. पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. आपण बाहेरून कितीही भारी काही लावलं तरी ते आत जात नाही. आपलं काम तीन गोष्टींपुरतं: रोलर आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) घासू नयेत, रबर कोरडं पडू नये, गंज चढू नये. एवढं लक्षात घेतलं की डब्यावरच्या रेसिंगच्या जाहिराती वाचताना फारसं दडपण येत नाही. साधं ९० नंबरचं ऑइल हे काम करतं, आणि कित्येक मॅन्युअलमध्ये ओ-रिंग चेनसाठी ते नावानिशी दिलेलंही आहे.

स्प्रेच्या बाजूने बोलायचं तर पहिली गोष्ट सोय. डबा हलवला, नळी लावली, खालच्या चेनच्या आतल्या बाजूला, मागच्या स्प्रॉकेटच्या जरा अलीकडे मारत गेलं की झालं. त्यातलं पातळ द्रावण वंगणाला फटीत घेऊन जातं आणि स्वतः उडून जातं, मागे चिकट थर उरतो. रिम स्वच्छ, सायलेन्सर स्वच्छ, मागे बसणारी व्यक्ती खूश. शहरात ऑफिसला जा-ये आणि रविवारी लोणावळा एवढाच कार्यक्रम असेल तर स्प्रेविरुद्ध माझ्याकडे खरंच काही मुद्दा नाही. एकदा मारला की पाचेकशे किलोमीटर बिनघोर.

गिअर ऑइलचा दोष सगळ्यांना माहीत आहे: उडतं. नव्वद आकडा बघून ते मधासारखं दाट असेल असं वाटतं, पण गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. ९० चं गिअर ऑइल साधारण ४०-५० च्या इंजिन ऑइलइतकंच दाट. त्यामुळे वेग वाढला की जास्तीचं तेल रिमवर, नंबर प्लेटवर आणि डाव्या सॅडलबॅगवर शिंतोड्यांच्या रूपात दिसतं. शिवाय ईपी (जास्त दाब सोसणाऱ्या) प्रकारातल्या गंधकाच्या घटकांमुळे त्याला एक वास असतो, तो हाताला दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत सोबत करतो. सौ.च्या फिकट रंगाच्या पँटवर डावीकडे उमटलेल्या ठिपक्यांबद्दल आमच्या घरात जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मग तरीही मी तिकडे का गेलो? लूब करण्यामुळे नाही. साफ करण्यामुळे.

स्प्रेची खरी किंमत डब्यावर छापलेली नसते, ती पुढच्या वेळी फडकं हातात घेतल्यावर कळते. चिकट थर हाच त्याचा गुण, आणि कोकणात तोच त्याचा अवगुण. आंबोली उतरून सावंतवाडीकडे लागलं की रस्त्याच्या कडेची तांबडी माती सुरू होते. पावसाळ्यात ती चिखल म्हणून येते, हिवाळ्यात धूळ म्हणून. त्या थरावर ती बसते आणि बसूनच राहते. दोन दिवसांनी बोट फिरवून बघा, करकर लागते. आता त्यावरच पुन्हा स्प्रे मारला तर मातीचं पॉलिश पेपर करून चेनला गुंडाळल्यासारखं होतं. म्हणून आधी धुवा. धुवायला रॉकेल हवं, आणि रेशनवरचं रॉकेल शहरातून जवळपास गेलंच आहे. मग डिझेल आणा, नाहीतर वेगळा चेन क्लीनर घ्या, म्हणजे बॅगेत आणखी एक डबा. पेट्रोल वापरायचं नाही, रिंगा खराब होतात. तारेचा ब्रशही नाही. मऊ ब्रशने घासा, पुसा, वाळू द्या, मग स्प्रे मारा, आणि तो बसायला वेळ द्या. थर नीट बसायचा तर रात्रभर राहू द्यावा.

घरी हे सगळं जमतं. गुहागरच्या एखाद्या घरगुती लॉजच्या शेणाने सारवलेल्या अंगणात, संध्याकाळी सातला, आजींच्या देखत डिझेलचे ओघळ सोडायचा धीर मला तरी होत नाही.

त्यात पाऊस. दिवसभर ताम्हिणीत भिजलेली चेन संध्याकाळी ओलीच असते, आणि ओल्यावर स्प्रे धड चिकटत नाही. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने गाडी नेली असेल तर खारं पाणी वेगळंच. सकाळपर्यंत साइड प्लेटवर गंजाची केशरी झाक दिसायला लागते. अशा वेळी चेन कोरडी व्हायची वाट बघण्यापेक्षा त्याच रात्री तेलाचा हात फिरलेला बरा.

गिअर ऑइलला हे चोचले नाहीत. जे उडतं ते माती घेऊनच उडतं. थर धरतच नाही, म्हणून खरवडायलाही काही नसतं. कोरड्या फडक्यात चेन पकडून चाक फिरवा, काळं निघेल; मग बारीक तोंडाच्या बाटलीने प्रत्येक रोलरवर थेंब सोडत जा; थोडा वेळ थांबून, जमलं तर सकाळी, जास्तीचं पुन्हा पुसा. बस. शिंतोडे मुख्यतः न पुसलेल्या तेलाचे असतात. नीट पुसलं तर रिमवर पंचवीस-तीस किलोमीटरनंतर जो काही दोन-चार ठिपक्यांचा नमुना दिसतो तेवढाच, आणि तो त्याच तेलकट फडक्याने जातो. परदेशात स्कॉटऑयलर नावाचं उपकरण लोक बसवतात, ते चालत्या गाडीत चेनवर पातळ तेल थेंब थेंब सोडत राहतं. तत्त्व हेच: थोडं, वारंवार, आणि घाण सोबत घेऊन जाणारं.

कौल खऱ्या अर्थाने झुकला तो पुढचं स्प्रॉकेट उघडलं तेव्हा. चेन सेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) बदलायला गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे दिली होती. त्यांनी कव्हर काढलं आणि मला हाक मारली. आत जुन्या स्प्रेचा आणि मातीचा काळा लगदा इतका घट्ट बसला होता की तो स्क्रूड्रायव्हरने पोखरून काढावा लागला. ते म्हणाले, "स्प्रे मारता ना? सगळ्यांचं असंच निघतं." नंतरच्या चेन सेटच्या वेळी, गिअर ऑइलवर चालवलेल्या गाडीचं कव्हर उघडलं तेव्हा आत तेलकट काळं पाणी होतं, फडक्याने पुसून निघालं. चेन कुणाची किती टिकली हे मी व्हर्नियर लावून मोजलेलं नाही. ताण द्यायची वेळ आता जरा उशिरा येते असं वाटतं, पण थ्रॉटलवरचा माझा हातही मधल्या काळात हलका झालाय, त्यामुळे ह्याचं श्रेय तेलालाच देणार नाही.

मेन स्टँडचा प्रश्न दोन्हीकडे सारखा. आपल्या प्रकारच्या बहुतेक गाड्यांना तो नसतोच. घरी पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड), बाहेर गाडी हातभर पुढे ढकलत तुकड्या-तुकड्याने. इथे बाटली जिंकते असं मला वाटतं, कारण वाऱ्यात स्प्रेचा फवारा टायरच्या कडेवर जातो. मागे पुठ्ठा धरावा लागतो आणि हात दोनच असतात. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवणारे अजूनही भेटतात. बोटं नकोशी झाली असतील तरच ते करा.

गिअर ऑइल लवकर लावावं लागतं, हे खरं. तीन-चारशे किलोमीटरला, आणि पावसात रोज संध्याकाळी. मला ते ओझं वाटत नाही. रोज मागच्या चाकाशी उकिडवं बसलं की टायरमधला खिळा दिसतो, ढिला झालेला नट दिसतो, ब्रेक पॅड किती उरले ते दिसतं. चहा येईपर्यंत काम उरकतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की चेनचा आवाजच येत नाही, फक्त इंजिन ऐकू येतं. ह्याच गाड्यांसाठी आपण पैसे मोजलेत, ते असं वसूल होतं.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या स्प्रेच्या किमतीत जवळपास लिटरभर गिअर ऑइल येतं, आणि ट्रकच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं, अगदी पाचलसारख्या गावातही. फक्त दुकानदार "त्यापेक्षा हे घ्या" म्हणून जळकं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं तेल, पुढे करेल, ते घेऊ नका. त्यात इंजिनचा कीस असतो.

तर कुणी काय घ्यावं? मागे रोज कुणीतरी बसत असेल, रिम पांढरी किंवा सोनेरी असेल, डांबराखेरीज कुठे चाक जात नसेल, तर स्प्रेच घ्या, आणि दर वेळी आधी साफ करा. लांब जाणार असाल, कोकणात वा पावसात, आणि हात काळे व्हायची तक्रार नसेल, तर एकदा गिअर ऑइल लावून बघाच. बदलताना एवढं करा: जुना थर पूर्ण धुऊन काढा, पुढचं कव्हर उघडून तिथलाही. त्या थरावरच तेल सोडलं तर तो सुटा होऊन पहिल्याच दिवशी सॅडलबॅगवर येतो, आणि मग दोष तेलाला जातो.