स्टेम सेलपासून लिव्हर सेल बनवायचं किट: पहिले पाच दिवस झकास, पुढचं बघा बुवा

कंपनीचं नाव लिहीत नाही, आमच्या लॅबला अजून त्यांच्याकडूनच माल घ्यायचाय. पण या लाइनमध्ये असाल तर ओळखालच, पांढरा खोका, आत तीन स्टेजच्या बाटल्या, आणि वर मोठ्ठ्या अक्षरात 'मॅच्युअर हेपॅटोसाइट्स इन २१ डेज', म्हणजे २१ दिवसांत लिव्हरच्या प्रौढ पेशी. किंमत माझ्या दोन महिन्यांच्या फेलोशिपच्या वर.

आमचं काम औषधांमुळे लिव्हरला इजा होते का ते बघायचं. माणसाच्या लिव्हरमधून काढलेल्या खऱ्या पेशी महाग, मिळाल्या तरी डिशमध्ये थोड्याच दिवसांत आपला गुण विसरतात. हेपजीटू नावाची पेशींची लाइन (डिशमध्ये वाढवत ठेवलेला पेशींचा वंश) वर्षानुवर्षं वाढते, पण ती पडली ट्यूमरची, औषध पचवणारे एन्झाइम तिच्यात फारच कमी. म्हणून आयपीएस पेशी, म्हणजे जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना चार जीन्स देऊन मागे, स्टेम सेलच्या अवस्थेत नेलं त्या जातीच्या. त्यांना गर्भात लिव्हर जसं घडतं त्याच क्रमाने सिग्नल द्यायचे, म्हणजे फॅक्टर नावाची प्रथिनं घालायची, आधी अॅक्टिव्हिन ए, मग बीएमपी आणि एफजीएफ, मग एचजीएफ, शेवटी ऑन्कोस्टॅटिन एम आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड (हो तेच, कोविडवालं). किटवाले हेच तयार कालवून देतात, निदान माझा तरी तसा समज आहे, कारण आत नक्की काय न् किती ते सांगतच नाहीत. विचारलं की 'प्रोप्रायटरी'. उद्या पेपरच्या रिव्ह्यूअरने विचारलं तर मी काय सांगू, खोक्यावर वाचा?

डिलिव्हरी नऊ दिवस उशिरा आली आणि ड्राय आइसचा नुसता चुरा उरलेला. फोटो पाठवले तर दोन बाटल्या बदलून दिल्या, कुरकुर न करता, हे मान्य करायला हवं.

आता पहिली स्टेज, एंडोडर्म, म्हणजे ज्यातून पुढे लिव्हर घडतं तो गर्भाचा आतला थर. इथे खरंच पैसे वसूल. दुसऱ्या दिवशी निम्म्या पेशी मरून मीडियात (पेशींच्या खाद्य द्रवात) तरंगताना दिसल्या, मला वाटलं गेलं सगळं, सीनियर ताई म्हणाली गप मीडिया बदल आणि घरी जा, हे होतंच. पाचव्या दिवशी सॉक्स१७ या एंडोडर्मच्या खुणेचं चमकणारं स्टेनिंग केलं तर जवळपास सगळी डिश पेटलेली. हाताने अॅक्टिव्हिन घालून मला असं एकदाही जमलं नव्हतं. फक्त आमच्या दुसऱ्या पेशंटच्या लाइनवर तेच किट, तोच हात, तरी निम्मीच डिश. लाइनप्रमाणे फरक पडतोच, पण मॅन्युअलमध्ये पेशी किती दाट लावायच्या याचा एकच आकडा दिलाय, तो आपल्या लाइनसाठी आधी स्वतः ठरवून घ्या.

एक प्रेमाचा सल्ला, दिवस शून्य, म्हणजे प्रयोग सुरू करायचा दिवस ठरवताना कॅलेंडर बघा. मीडिया रोज बदलायचा असतो, रविवार नाही सण नाही. माझा चौदावा दिवस नेमका अनंत चतुर्दशीला आला, पुण्यात त्या दिवशी रस्ते बंद म्हणजे काय ते सांगायला नको, ढोलताशातून वाट काढत चालत लॅबला गेले आणि केसात गुलाल घेऊन हूडसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) बसायचं धाडस झालं नाही, आधी बेसिनमध्ये डोकं धुतलं.

एकविसाव्या दिवशी पेशी दिसायला इतक्या गोड, पंचकोनी षटकोनी, कडा चमकणाऱ्या, काहींमध्ये दोन केंद्रकं. अल्ब्युमिन हे लिव्हरचं प्रथिनही मीडियात सोडत होत्या. सरांना फोटो पाठवले, सर खूश. मग क्यूपीसीआर लावलं, म्हणजे कुठलं जीन किती चालू आहे ते मोजलं. एएफपी हे गर्भातल्या लिव्हरचं प्रथिन भरपूर, जे जन्मानंतर उतरायला हवं. औषध पचवणाऱ्या एन्झाइमांपैकी सीवायपी३ए७ जोरात, जे पोटातल्या बाळाच्या लिव्हरचं, आणि मोठ्या माणसाचं सीवायपी३ए४ नावापुरतं. म्हणजे या गर्भाच्या वयाच्या पेशी, आणि खोक्यावर मॅच्युअर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि हा शब्दांचा वाद नाहीये. पॅरासिटामॉल स्वतःहून लिव्हर जाळत नाही, सीवायपी एन्झाइम त्याचं एनएपीक्यूआय नावाचं विष बनवतात आणि डोस जास्त झाला की ते पेशीला जपणारं ग्लुटाथायोन संपवून पेशी मारतं. एन्झाइमच नाही तर विषही कमी बनणार. मी १० मिलिमोलर तीव्रतेचं पॅरासिटामॉल टाकलं, पेशी दुसऱ्या दिवशी ढिम्म. भोळा माणूस लिहील की डोस सेफ आहे! हे सगळ्याच प्रोटोकॉल्सचं दुखणं आहे, याच कंपनीचं नाही, पण मग खोक्यावर तसं लिहा ना. टेक सपोर्टवाल्यांना ग्राफ पाठवले तर उत्तर काय, आणखी सात दिवस वाढवा. वाढवले. अल्ब्युमिन थोडं चढलं, ३ए४ जागचं हललं नाही.

तर स्टार पाचपैकी तीन, त्यातले अडीच पहिल्या स्टेजचे. लिव्हर घडतं कसं हे बघायचं असेल, नवीन हाताला शिकायचं असेल तर जरूर घ्या. औषधाची टॉक्सिसिटी बघायची असेल तर शेजारच्या डिशमध्ये प्राथमिक हेपॅटोसाइट्स (माणसाच्या लिव्हरमधून थेट काढलेल्या पेशी) ठेवल्याशिवाय एकही ग्राफ कुणाला दाखवू नका. पुढच्या वेळी आम्ही स्टेज एक तेवढी विकत घेणार, बाकीचे फॅक्टर सुटे आणून स्वतः कालवणार.

माझ्याकडे स्टेज तीनच्या सप्लिमेंटची एक न उघडलेली बाटली उणे २० मध्ये पडून आहे, एक्सपायरी डिसेंबर. पुण्यात कुणाला हवी असेल तर सांगा, फुकट देते, ड्राय आइस मात्र तुमचा तुम्ही आणा.