ला पाझचे तोतया पोलीस आणि आमचे १,३०० डॉलर

१,३०० अमेरिकी डॉलर आणि ६२० बोलिव्हियानो (बोलिव्हियाचे चलन). अधिकृत दराने धरले तर सुमारे एक लाख सोळा हजार रुपये. एवढी रक्कम २०२४ च्या ऑक्टोबरात, बोलिव्हियातील ला पाझ शहरात, चालत्या टॅक्सीत आमच्या डोळ्यांदेखत गेली. कोणी चाकू दाखवला नाही की धक्काबुक्की केली नाही. उलट जाताना आमच्या सॅक डिकीतून काढून हातात दिल्या आणि हसून निरोपही घेतला. लिहिताना अजून कान तापतात, पण ओळखीतले काही जण याच मार्गाने निघण्याच्या तयारीत आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

आम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र. दोघे पुण्याचे, दोघे न्यू जर्सीत नोकरी करणारे. सर्वांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे पेरूला वेगळा व्हिसा लागला नाही, बोलिव्हियाचा मात्र स्वतंत्र काढावा लागला. पेरूतील लिमा, कुस्को, पुनो असे करत आम्ही तितिकाका सरोवराकाठच्या, बोलिव्हियातील कोपाकाबानाला आलो आणि तेथून ला पाझची बस धरली. सामाईक खर्चाचे पैसे माझ्याकडे होते. एवढी रोकड जवळ कशाला बाळगली, असे घरबसल्या विचारणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावे की तेव्हा बोलिव्हियात डॉलरचा तुटवडा होता, बँकेचा दर डॉलरला ६.९६ बोलिव्हियानोवर बांधलेला होता आणि रस्त्यावर डॉलरला त्याहून बराच जास्त भाव मिळत होता. कार्डाने पैसे काढणारा तिथे सरळसरळ मार खात होता. शिवाय उयुनीच्या मिठाच्या मैदानाची सहल पुढे होती आणि तिचे पैसे रोखच द्यायचे होते. तेव्हा रोकड बाळगणे हा मूर्खपणा नव्हता. ती सगळी एकाच पाकिटात ठेवू नका, एवढे मात्र सांगेन.

वाटेत तिकिना येथे प्रवासी लाँचमधून आणि बस तराफ्यावरून सरोवराचे पाणी ओलांडते, त्यात बराच वेळ गेला. ला पाझच्या वरचे एल आल्तो शहर चार हजार मीटरहून उंच आहे. तेथे पोहोचेपर्यंत माझे डोके ठणकत होते. खाली ला पाझमध्ये कब्रस्तानाजवळ बस थांबली तेव्हा दिवस मावळला होता. चार माणसे आणि चार मोठ्या सॅक एका गाडीत मावेनात, म्हणून न्यू जर्सीकर दोघे पुढे गेले आणि आम्ही दोघांनी मागची टॅक्सी घेतली. त्याच भागात केबल कारच्या लाल मार्गाचे स्थानक आहे. २०१४ पासून ती सेवा चालू आहे आणि तिकीट तेव्हा अवघे तीन बोलिव्हियानो होते. तीन!

पुढचे वाचकांनी ओळखले असेलच. थोड्या अंतरावर एक तरुण पाठपिशवीवाला गाडीत आला. आपण पेरूचे असून त्याच दिशेला चाललो आहोत, असे त्याने चांगल्या इंग्रजीत सांगितले. (टॅक्सीने वाटेत दुसरा प्रवासी घेतला की त्याच क्षणी उतरा. छपरावर कंपनीचा दिवा आणि फोन क्रमांक असलेली रेडिओ टॅक्सी हॉटेलातून फोन करून मागवावी. ती असे प्रवासी भरत नाही.) दोन चौक ओलांडल्यावर साध्या कपड्यातील एका माणसाने गाडी थांबवली, प्लास्टिकच्या पाकिटातले ओळखपत्र दाखवले आणि पुढच्या आसनावर बसला. अमली पदार्थांची तपासणी आहे, म्हणाला. त्या पेरूवाल्याने तक्रारीचा शब्दही न काढता आपली पिशवी उघडली, पैसे दाखवले, ते परत घेतले आणि आम्हाला म्हणाला, इथे हे नेहमीचेच आहे, काळजी करू नका.

येथे मी रात्र-रात्र अडकून पडतो. साध्या कपड्यातल्या त्या माणसाने माझा पासपोर्ट मागितला, हातात घेतला, पहिले पान उघडले, मिटला आणि परत दिला. बस्स. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्याला मुद्दाम सांगायला नको: जगातल्या कुठल्याही काउंटरवरचा माणूस आधी पाने उलटत व्हिसा शोधतो, शिक्का शोधतो, पुन्हा आपल्या तोंडाकडे पाहतो. कोपाकाबानाजवळच्या सीमेवर अधिकाऱ्याने माझा बोलिव्हियाचा व्हिसा नखाने खरवडून पाहिला होता. आणि या तथाकथित पोलिसाला, मी त्याच्या देशात कायदेशीर आलो आहे की नाही, याचे तिळमात्र कुतूहल नव्हते! त्याला फक्त पाकीट हवे होते. त्याने नोटा बाहेर काढल्या, कोकेनचा वास येतो का पाहण्यासाठी नाकाशी धरल्या, बोटांनी पंख्यासारख्या पसरल्या, आमच्यासमोर मोजल्या, पाकिटात भरल्या आणि माझ्या कमरेच्या पट्ट्यात पाकीट स्वतः सरकवून चेनही लावून दिली. चेन लावून देणारा पोलीस कोणी पाहिला आहे?

सॅन फ्रान्सिस्को चर्चजवळ उतरवल्यावर मी पाकीट उघडले. वर वीस डॉलरच्या दोन नोटा होत्या आणि खाली उयुनीच्या सहलीच्या जाहिरातीचा कागद नोटांच्या आकारात घडी घालून ठेवलेला होता. बोलिव्हियानो तर सगळेच गेले होते. पुण्यात, नाशिकात भरदिवसा “पुढे खून झाला आहे, दागिने काढून रुमालात बांधा” असे सांगणारे तोतया पोलीस वर्तमानपत्रात नेहमी येतात आणि घरी गेल्यावर रुमालातून दगड निघतात. हा तोच रुमाल होता. सांगलीच्या माझ्या आत्याची पाटली अशीच गेली, तेव्हा मीच तिला ऐकवले होते. पण दिवसभराचा प्रवास, विरळ हवा, परकी भाषा आणि शेजारी निमूटपणे तपासणी करून घेणारा दुसरा ‘प्रवासी’, एवढे सगळे जुळून आल्यावर कोण वाद घालत बसेल, हे मला एकदा कोणीतरी सांगावे.

वाद घालावाच लागतो, हे उत्तर आता मला माहीत आहे. गणवेश नसलेला माणूस गाडीत बसून पैसे मागत असेल तर तो पोलीस नाही. पोलीस ठाण्यात चालत येतो, असे म्हणावे आणि दार उघडावे.

खऱ्या पोलिसांची कहाणी याहून संतापजनक आहे. त्या रात्री ठाण्यातल्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीच्या क्रमांकाचा. तो माहीत नाही म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. दुभाषी नव्हता. मोबाइलवर भाषांतर करून आम्ही एकेक वाक्य दाखवत होतो आणि ते मान हलवत दूरचित्रवाणीवरचा फुटबॉलचा सामना बघत होते. पासपोर्टची छायाप्रत हवी, ती समोरच्या दुकानातून आणा. दुकान बंद आहे, तर सकाळी या. सकाळी दुसरेच साहेब होते आणि त्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. रस्त्यावरचा कॅमेरा तपासता येईल का, असे विचारले तर त्यांनी खांदे उडवले. दुपारी हातात पडलेल्या एका पानाच्या तक्रारीत रक्कम १३० डॉलर लिहिली होती! शून्य वाढवून घेण्यासाठी पुन्हा रांग. सही करण्यापूर्वी आकडे बोट ठेवून तपासा, घाईत असलात तरी. तेव्हा बोलिव्हियात भारताचा दूतावास नव्हता, लिमाचा दूतावास तो कारभार पाहत होता. आता कोणता दूतावास तो पाहतो ते विचारून त्याचा क्रमांक सीमा ओलांडण्याआधीच लिहून ठेवा.

आणि विमा कंपनी! प्रवासापूर्वी रोज फोन करणाऱ्या त्या गोड आवाजांना परत आल्यावर मी कोण हेच आठवेना. आधी स्पॅनिश तक्रारीचे अधिकृत भाषांतर मागितले. त्याचे ३,२०० रुपये माझ्याच खिशातून गेले. मग उत्तर आले की रक्कम विमाधारकाने स्वतःहून हवाली केली असल्यामुळे ही चोरी धरता येत नाही. स्वतःहून! हातात ओळखपत्र धरून सरकारचे नाव घेणाऱ्याला पाकीट दाखवणे म्हणजे दानधर्म झाला. पॉलिसी घेताना रोकड चोरीला गेली तर किती मिळेल आणि फसवणूक त्यात मोडते का, हे लेखी विचारा. तोंडी आश्वासनाला कवडीची किंमत नसते.

उयुनीला आम्ही गेलो, मित्रांच्या कार्डांवर आणि वाईट दराने पैसे काढून. चौघांत ३२५ डॉलर प्रत्येकी असा तोटा वाटून घ्यावा, असे मी सुचवले. एकाला ते अजून मान्य नाही, कारण पाकीट माझ्या कमरेला होते. विमा कंपनीने आता डॉलर खरेदी केल्याची मूळ पावती मागितली आहे. ती सापडली आहे आणि उद्या पोस्टाने पाठवणार आहे.