कार्थेजमध्ये अर्धा दिवस, गायसेरिकच्या मागावर

ट्युनिशियाची राजधानी ट्युनिस, तिथून लोकलने प्राचीन कार्थेज शहराच्या अवशेषांजवळच्या कार्थेज हॅनिबल स्टेशनवर उतरलो आणि पायी फिरवणारे मार्गदर्शक घेतले. आईचे गुडघे दुखतात, म्हणून बिर्सा टेकडी ते तिच्या चालीने चढले. त्यासाठीच एक तारा जास्त.

मला कार्थेजचा प्रसिद्ध सेनापती हॅनिबल नको होता, व्हँडल या जर्मानिक टोळीचा राजा गायसेरिक हवा होता. मार्गदर्शकांनी तो मनापासून सांगितला. ४२९ मध्ये स्पेनमधून आफ्रिकेत आलेला, घोड्यावरून पडून लंगडा झालेला हा राजा ४३९ मध्ये कार्थेज घेतो. ४५५ मध्ये चौदा दिवस रोम लुटतो आणि सम्राज्ञी युडोक्सियाला दोन मुलींसह इकडे आणतो. अँटोनाइन स्नानगृहांपाशी समुद्राकडे हात करून त्यांनी ४६८ ची लढाई उभी केली: केप बॉन या भूशिरापाशी नांगरलेलं रोमन आरमार, अनुकूल झालेला वारा, आणि गायसेरिकने पेटवून त्यांच्यावर सोडलेली जहाजं. अंगावर काटा आला! आई तर कठड्याला धरून ऐकत राहिली.

व्हँडलांची स्वतःची बांधकामं मात्र फारशी दिसत नाहीत. ते रोमन शहरातच राहिले. शेवटचा राजा गेलिमर, त्याची ५३४ ची शरणागती, हे दोन वाक्यांत उरकलं, ते खटकलं. सावली कमी आहे. टोपी, पाणी न्याच.